सोळा काडतुसं

ओर्विल हाउगेनकडे रिकामी काडतुसं घेऊन कुणी गेलं की तो आधी तेलकट हात फडक्याला पुसायचा, पिशवी दोन्ही हातांनी घ्यायचा आणि विचारायचा, "किती वेळा उडवलीत ही?"

समोरचा डोकं खाजवायचा. "तीनदा असतील. नाहीतर चारदा."

"तीनदा की चारदा?"

"अरे बाबा, मला हरीण मारायचंय, त्याला सूट शिवायचा नाहीये!" असं एकदा आर्विड म्हणाला होता. आर्विडची गव्हाची शेती, तोंड फाटकं, पण माणूस मनाने वाईट नाही.

ओर्विलच्या गॅरेजात टेकलेले बाकीचे हसले. ओर्विल हसला नाही. त्याने पिशवीवर पेन्सिलने 'चारदा' लिहिलं, कारण शंका असली की वरचा आकडा धरायचा, आणि मगच ती फळीवर ठेवली.

दर सप्टेंबरात, शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी, अख्ख्या गावाचं पितळ, म्हणजे ही रिकामी काडतुसं, त्याच्याकडे यायचं. आमचं गाव म्हणजे गहू, रेल्वेचा रूळ, धान्याची उंच कोठारं आणि वारा. कॅनडाची हद्द चाळीस मैलांवर. इथे उडवलेलं पितळ फेकून नवी काडतुसं विकत आणणाऱ्याला लोक उधळ्या म्हणतात. पितळ जपायचं, साफ करायचं, पुन्हा भरायचं, ही इथली रीत.

मी सहकारी कोठाराच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं बसले. ओर्विल त्याच आवारात, दुरुस्तीच्या शेडमध्ये, लेथवर होता. दुपारचा डबा आम्ही बरोबर खायचो. व्हर्नियर, म्हणजे जबड्यात वस्तू धरून बारीक माप घ्यायचं अवजार, वाचायला मला त्यानेच शिकवलं. इंचाच्या हजाराव्या भागाला तो 'थाऊ' म्हणायचा, आणि एका थाऊवरून तो एखाद्या शेतकऱ्याच्या मळणीयंत्राचा दांडा पुन्हा लेथवर चढवायचा. शेतकरी बाहेर चरफडत उभा असायचा, ओर्विल आत कातत असायचा.

काडतूस उडालं की पितळ तापतं, फुगतं, ताणतं. ते साच्यात दाबून पुन्हा आकारात आणलं की जास्तीचं पितळ मानेकडे सरकतं आणि काडतूस केसभर लांब होतं. दोन-चारदा असं झालं की ते इतकं वाढतं की बंदुकीत त्याचं तोंड पुढच्या अरुंद जागेत दाबलं जातं आणि गोळीला आवळून धरतं. मग चाप ओढल्यावर आतला दाब नको तितका चढतो, पितळ फाटतं, आणि तो सगळा जाळ मागे येऊ शकतो. मागे माणसाचं तोंड असतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही होत नाही. म्हणून तर लोक मोजायचा कंटाळा करतात.

आमच्याकडे चालणाऱ्या मापाच्या काडतुसाची कमाल लांबी दोन इंच आणि वर चारशे चौऱ्याण्णव थाऊ. दोन इंच सगळ्यांना ठाऊकच, त्यामुळे बोलताना पुढचे तीन आकडेच बोलायचे. ओर्विल चारशे चौऱ्याऐंशीला कापायचा. टेबलाला घट्ट बसवलेलं एक हाताने फिरवायचं यंत्र होतं, बाहुल्यांच्या खेळातल्या लेथएवढं. त्यात काडतूस आडवं धरायचं, मूठ फिरवायची, तोंडावरून सोनेरी कीस पडायचा. मग तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची, आणि मोजायचं. ओर्विल प्रत्येक काडतूस तीनदा मोजायचा. मोजून झालेली फळीवर उभी करायचा आणि थोड्या वेळाने त्यातलंच एखादं उचलून चौथ्यांदा मोजायचा, कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

कापून, मोजून द्यायचा. भरून मात्र कुणालाच द्यायचा नाही. नव्याने आलेला कुणी विचारायचा, "ओर्विल, एवढं करतोस, तर दारू-गोळीही घालून दे की." तो म्हणायचा, "ते तुमचं तुम्ही." आणि पाठ फिरवायचा. स्वतःही तो एकोणीस वर्षं शिकारीला गेला नव्हता.

आणि एक होतं. आमच्याकडे वारा पडत नाही. गॅरेजचं दार उघडं असलं की तो त्या फळीवरून जायचा, आणि उभ्या केलेल्या पन्नास-साठ रिकाम्या नळ्यांच्या तोंडांतून बारीक शीळ उठायची. ऐकायला गंमत वाटायची. ओर्विल मात्र हातातलं काम टाकून उठायचा आणि सगळ्यांवर फडकं घालायचा. एकदा मी म्हणाले, "असू दे की, छान वाजतंय." तो म्हणाला, "एक खालच्या सुरात वाजतंय. ऐक. लांब नळी खालच्या सुरात वाजते." मला तर सगळ्या सारख्याच वाटत होत्या. त्याने फडकं काढलं, सगळ्या पुन्हा मोजल्या. एकही लांब नव्हती. तरी त्याचा चेहरा उतरलेलाच राहिला.

त्या एकोणीस वर्षांमागची गोष्ट गावाला ठाऊक होती, म्हणजे जेवढी ठाऊक होती तेवढी.

ओर्विलने लग्न केलं नाही. त्याची धाकटी बहीण लोर्ना, आणि तिचा नवरा डेल. डेल सरकारी रस्त्यांवरचा बर्फ काढायचा मोठा ट्रक चालवायचा. मोठ्याने बोलणारा, मोठ्याने हसणारा. ओर्विलला जगात जवळचा मित्र तो एकच. त्या वर्षी पाऊस लांबला, कापणी ऑक्टोबरपर्यंत रेंगाळली आणि गावातलं प्रत्येक यंत्र पाळीपाळीने मोडलं. ओर्विल रोज चौदा-चौदा तास शेडमध्ये होता. मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डेल त्याच्याकडे आला. त्याच्याकडची काडतुसं संपली होती आणि दुकानात त्या मापाची नव्हती. "वीस दे भरून. एवढं कर. पुढच्या वर्षी मी वेळेवर आठवण ठेवीन."

ओर्विलने भरून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गावाबाहेरच्या घळीत गेले. आधी नेम तपासायला डेलने एका फळीवर गोळ्या झाडल्या. बंदूक जुनी, ओर्विल-लोर्नाच्या वडिलांची. तीन गोळ्या नीट गेल्या. चौथ्या वेळी बंदूक मागे फुटली. डेलचा उजवा डोळा गेला. ओर्विल दहा पावलांवर उभा होता.

डेल मोठ्या शहरातल्या दवाखान्यात असताना बंदुकीच्या कारागिराने तिचे तुकडे पाहिले. म्हणाला, जुनं पोलाद आहे, थकलं असेल. पण उरलेली काडतुसं बघायला मिळाली तर नक्की सांगता येईल. डेलने घरी आल्यावर त्याला निरोप दिला, "नदीत फेकली. लोर्ना ती घरात ठेवू देणार होती का?" विषय तिथेच मिटला. सगळ्यांनी बंदुकीला दोष दिला.

एका डोळ्याच्या माणसाला बर्फाचा ट्रक कोण देणार? डेलला गोदामात बसवलं. तिथे तो निसरड्या रस्त्यांवर घालायच्या वाळूचा हिशेब ठेवायचा आणि खिडकीतून ट्रक बाहेर पडताना बघायचा. तक्रार त्याने कधी केली नाही. काचेचा डोळा बसवून घेतला आणि त्यावरही विनोद केले. दर रविवारी चर्चनंतर ओर्विल त्यांच्याकडे जेवायला जायचा. कधीकधी मीही असायचे. ओर्विल नेहमी डेलच्या उजव्या हाताला बसायचा, काचेच्या डोळ्याच्या बाजूला. डेलला त्याच्याशी बोलायचं तर अख्खी मान वळवावी लागायची.

"अरे, डावीकडे बस की जरा," डेल म्हणायचा. "तुझं थोबाड दिसेल मला. नाहीतर नको. इकडून तू देखणा वाटतोस."

लोर्ना हसायची, मी हसायचे. ओर्विल ताटात बघायचा.

अशी एकोणीस वर्षं गेली आणि एका मार्चमध्ये डेल गेला. छाती दुखली म्हणाला आणि गेला. एप्रिलमध्ये, बर्फ वितळून अंगणात चिखल झाला तेव्हा, लोर्ना दुपारी माझ्याकडे आली. मी नुकतीच निवृत्त झाले होते. तिने कोटही काढला नाही. कोटाच्या आतून एक पुठ्ठ्याचं खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला तार गुंडाळलेली होती. झाकणावर ओर्विलच्या अक्षरात तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'डेलसाठी. २०.'

"घरामागची शेड आवरत होते," ती म्हणाली. "डेल बर्फावर मासे धरायला न्यायचा ती पेटी. तळाला, गळांच्या खाली होतं. आत सोळा आहेत."

मी झाकणावरची तारीख पुन्हा वाचली.

"नदीत फेकली म्हणाला होता, बर्नी. मला म्हणाला होता. डोळ्यात डोळा घालून." मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते, आणि तिने ओठ घट्ट मिटले. "तुला ते माप वाचता येतं ना?"

"येतं."

"मग चल माझ्याबरोबर."

ओर्विल गॅरेजातच होता. लोर्नाने खोकं त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा त्याने ते लगेच ओळखलं. त्याने हात पुढे केला नाही. जणू ते तापलेलं होतं.

"हे कुठे मिळालं?"

"त्याच्या पेटीत."

"तो तर म्हणाला होता..."

"मलाही तेच म्हणाला होता. मोज."

"लोर्ना, भरलेली आहेत. सगळी सोडवावी लागतील."

"सोडव. मला कुठे जायचं नाहीये." तिने कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

भरलेलं काडतूस सोडवायला हातोडीसारखं एक पोकळ अवजार असतं. त्यात काडतूस अडकवून ओंडक्यावर ठोकायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते आणि बंदुकीची दारू अवजाराच्या पोकळीत पडते. ओर्विलने सोळाच्या सोळा ठोकून सोडवली. एका ओळीत गोळ्या, एका ओळीत रिकामी पितळं, आणि बशीत करडी दारू. अर्धा-पाऊण तास ठक ठक एवढाच आवाज. लोर्ना एकदाही हलली नाही.

मग त्याने व्हर्नियर उचलला आणि खाली ठेवला. एका थाऊवरून दांडे कातणारा माणूस.

"बर्नी," तो म्हणाला, "तू वाच. मी देतो एकेक."

पहिलं चारशे एक्क्याण्णव. दुसरं चारशे एकोणनव्वद. मी मोठ्याने वाचत होते, तो ठेवत होता. तिसरं, चौथं नीट निघालं. पाचवं मी जबड्यात धरलं आणि आकडा पाहिला. पाचशे तीन.

मी ओर्विलकडे पाहिलं नाही, लोर्नाकडेही नाही. सव्वीस वर्षं मी काट्यावर बसले, एका पोत्याचंही वजन खोटं सांगितलं नाही. पण तेव्हा मनात एवढंच आलं, की डेल गेला, डोळा गेला, आता हा आकडा कुणाच्या उपयोगाचा?

"चारशे नव्वद," मी म्हणाले.

ओर्विलने ते माझ्या हातातून घेतलं. ठेवलं नाही. अंगठा आणि बोटाच्या मधे धरून बसला.

"परत वाच, बर्नी."

"वाचलं ना आत्ता."

"परत वाच."

त्याने ते स्वतःच जबड्यात घातलं आणि व्हर्नियर माझ्यासमोर धरला.

"पाचशे तीन," मी म्हणाले.

लोर्नाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. तशी नजर माझ्यावर त्याआधी कुणाची पडली नव्हती.

पुढची मी नीट वाचली. एक पाचशे एक. एक पाचशे सहा. बाकीची तेरा ठीक होती. सोळात तीन लांब.

"म्हणजे काय?" लोर्नाने विचारलं.

"म्हणजे मी मोजली नव्हती," ओर्विल म्हणाला. "पाच मोजली होती. घळीतून गोळा केलेलं सरमिसळ पितळ होतं, कोणतं किती वेळा उडालंय कुणास ठाऊक. पाच नीट निघाली, म्हणून बाकीची तशीच असतील असं धरलं. झोप येत होती. तो दाराशी उभा राहून गप्पा मारत होता, आणि मी धरून चाललो."

"चौथं लांब होतं?"

"ते कळायला मार्ग नाही. त्याचे तुकडे गवतात गेले. असेल. नसेलही. बंदूक खरंच जुनी होती. रोज मी ते चौथं मोजतो, लोर्ना. रोज वेगळा आकडा येतो."

तिने बराच वेळ त्या तीन पितळांकडे पाहिलं. मी वाट बघत होते की ती रडेल.

"दमलेला माणूस चुकतो," ती शेवटी म्हणाली. "ते मी त्याच दिवशी ऐकलं असतं तर दोन दिवस ओरडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुला जेवायला वाढलं असतं. पण तू गप्प बसलास. आणि त्याला संशय होता, म्हणून त्याने ही लपवली, आणि तोही गप्प बसला. एकोणीस वर्षं दर रविवारी दोन बाजूंना दोघं, आणि मधे मी बटाटे वाढतेय. 'अजून घे ओर्विल, अजून घे डेल.' वेडी कोण? मी."

"त्याला संशय होता हे मला माहीत नव्हतं गं. आत्ता कळतंय."

"मग तर अजूनच वाईट. तुम्ही एकमेकांपासूनही लपत होतात." ती उठली. दाराशी थांबून माझ्याकडे वळली. "आणि आता तू पण त्यांच्यातली."

ती गेली. चिखलातून तिची गाडी वळल्याचा आवाज आला.

मला वाटत होतं की खरं बाहेर पडलं म्हणजे ओर्विलच्या छातीवरचा धोंडा उतरेल. झालं उलटं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण एकटेच लपलोय. आता डेलची प्रत्येक चांगली गोष्ट त्याच्याकडे नव्याने परत येऊ लागली. डेलने दिलेला सुरा. ओर्विलच्या वाढदिवसाला डेलने केलेलं भाषण. वळवलेली मान. "त्याला माहीत असून तो हसत होता, बर्नी," तो म्हणायचा. "नाहीतर माहीत करून घ्यायचं नव्हतं त्याला. सोळा काडतुसं घरात, माझ्याकडून सगळी अवजारं नेता येत होती, आणि त्याने एक सोडवून बघितलं नाही. का नाही बघितलं?" मग डेल येऊन बसायचा त्या मोकळ्या खुर्चीकडे तो असा बघायचा, की मलाही तिकडे बघावं लागायचं. त्या उन्हाळ्यात मी त्याच्या गॅरेजात एकटी बसू शकत नव्हते. वारा नसतानाही त्याने फळीवर फडकं घालून ठेवलेलं असायचं, आणि त्याखाली उभ्या नळ्यांचे उंचवटे दिसायचे.

लोर्ना चर्चमध्ये आमच्यापासून चार बाकं पुढे बसायची आणि मागच्या दाराने निघून जायची.

सप्टेंबरात पितळ यायला लागलं. एका शनिवारी गॅरेजात आठ-नऊ जण जमले होते. आर्विडची पिशवी घ्यायला ओर्विलने हात पुसले, पण पिशवी घेतली नाही.

"आधी एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि सांगितलं. वीस भरली, पाच मोजली. उरलेल्यांत तीन लांब निघाली. चार-पाच वाक्यांत संपलं. त्याने बंदुकीच्या जुनेपणाचं नावही घेतलं नाही.

कुणी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे ओर्विल, किती वर्षं झाली." दुसरा म्हणाला, "आम्ही तर कधी पाचसुद्धा मोजत नाही."

"मग मोजा," ओर्विल जरा जोरातच म्हणाला.

आर्विडने आपली पिशवी उचलली. मला वाटलं काहीतरी टोमणा मारेल. तो नुसता म्हणाला, "डेलने माझ्या बापाला बर्फातून दवाखान्यात पोचवलं होतं. तो ट्रक त्याच्याकडे आणखी पंधरा वर्षं राहिला असता." आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. बाकीच्यांनी पिशव्या ठेवल्या. आर्विड त्यानंतर आजतागायत तिथे आलेला नाही. रस्त्यात भेटला तर ओर्विलला मान हलवतो, एवढंच.

डिसेंबरात थंडी शून्याखाली तीस अंशांवर गेली. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं गॅरेजात शेगडीपाशी कॉफी घेत होतो. दार उघडलं आणि लोर्ना आत आली. पापण्यांवर बर्फ होता.

"मांस भाजायला ठेवलंय," ती म्हणाली. "एवढं मोठं कशाला ठेवलं कुणास ठाऊक. सवय. चला दोघं."

ओर्विल उभा राहिला. "माफ केलंस?"

"नाही. जेवायला बोलावलंय. बूट घाल."

जेवताना बोलणं फारसं झालं नाही. लोर्नाने वाढलं, आम्ही खाल्लं. भांडी तशीच ठेवून ती समोर बसली आणि म्हणाली, "एक विचारते. तू तिथे होतास. फुटल्यावर तो पहिलं काय बोलला?"

ओर्विलच्या हातातला काटा थांबला. "कशाला पाहिजे तुला ते?"

"माझा नवरा होता. मला शहरात नेलं तोवर त्याला गुंगी दिलेली होती. मी कधीच विचारलं नाही, तू कधीच सांगितलं नाहीस."

घर तापवायची भट्टी सुरू झाल्याचा आवाज तळघरातून आला.

"खाली बसला गवतात," ओर्विल म्हणाला. "तोंडावर हात होता. बोटांतून रक्त. म्हणाला, 'ओर्विल, माझी टोपी कुठेय?' मी म्हटलं, अरे टोपी राहू दे. तर म्हणाला, 'लोर्नाने विणलीय. हरवली तर घरात घेणार नाही मला. शोध आधी.' आणि मी शोधत बसलो, लोर्ना. तो तिथे रक्ताने भिजतोय, आणि मी वाकून गवतात टोपी शोधतोय. किती वेळ कुणास ठाऊक. मिनिट असेल, पाच मिनिटं असतील. वाऱ्याने कुठच्या कुठे गेली होती. सापडली नाही. अजून मला तेच ऐकू येतं. स्फोट नाही ऐकू येत. 'शोध आधी.'"

लोर्ना आधी हसली. खरंच हसली, तोंडावर हात दाबून. मग ते हसणं फिरलं, आणि ती इतकी रडली की मी उठून तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. ओर्विल जागचा हलला नाही. रडणं ओसरल्यावर ती नाक पुसत म्हणाली, "घेतलं असतं रे घरात. त्या गाढवाला सांगायचं होतंस, घेईन म्हणून."

आता ओर्विल अठ्ठ्याहत्तरचा आहे. मोजून झालेलं चौथ्यांदा मोजायची सवय गेली नाही, पण आता ते लपून करत नाही. लोर्ना व्हर्नियर वाचायला शिकली. सप्टेंबरात मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ती येते. ती वाचते, मी वहीत लिहिते, तो मूठ फिरवतो. मला तिने माफ केलंय की नाही ते मी विचारलेलं नाही. माझा लिहिलेला प्रत्येक आकडा ती एकदा डोकावून बघते.

गेल्या वर्षी तिने त्याच्याकडे एकच काडतूस भरून मागितलं. शेजारच्यांबरोबर ती हरणाला जाणार होती. ओर्विलने पितळ निवडलं, कापलं, मोजलं, दारू वजन करून ओतली. गोळी बोटांत धरली आणि तशीच धरून राहिला. आम्ही दोघी थांबलो. बाहेर एक मालगाडी सगळी निघून गेली. शेवटी त्याने दारू परत डब्यात ओतली, डब्याचं झाकण लावलं.

"नाही जमत," तो म्हणाला.

"बरं," लोर्ना म्हणाली, आणि स्वतःच्या कोटाला हात पुसून पुढचं पितळ उचललं. "चारशे पंच्याऐंशी. लिही, बर्नी."